गिझरला विभूती

माझ्या विहीणबाईंना वाटलं, निंगव्वा आता हरली. वाटू दे की! वाटायला काय पैसे पडतात व्हय? पण मी हरले न्हाई. कशी हरले न्हाई ते सांगते, आणि पहिल्यापासनं सांगते, मधी कुणी बोलायचं न्हाई. आमच्या मालकांना पण हेच सांगितलंय. ते बघा, तिकडं पेपर तोंडावर धरून बसल्यात. वाचत न्हाईत, ऐकत्यात.

रेश्मा माझी एकुलती एक लेक. अकलूजला दिली, जावई पुण्यात नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यात कुणी काय बोलायचं कारणच न्हाई. मुलगी झाली. दवाखान्यातनं घरी आणली तेव्हा एवढीशी मूठ आवळून अशी बघत होती, की जणू आमीच तिच्या घरी पाहुणे आलोय. मी म्हणलं, ही माझ्यावर गेली. निदान सव्वा महिना दोघींनी हितं राहायचं, मग बारसं करून अकलूजला, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे विहीणबाई "बघू" म्हणाल्या होत्या. मी ते ठरलं असं धरलं.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला ईरम्मा यायची. आमच्या भागातली निम्मी पोरं तिच्या पायावर न्हाऊन मोठी झाल्यात. आता त्यातल्या कितीतरी जणांना टक्कल पडलंय, तरी ती त्यांना "ए बारक्या" म्हणूनच हाक मारती. तिला पाणी लागतं ते कढत आणि भरपूर. कोमट पाणी दिसलं की ती तांब्या खाली ठेवती आणि कन्नडात असं काय बोलती, की ऐकणाऱ्याला कन्नड येत नसलं तरी कळतं. बाळंतिणीच्या कमरेवर पाणी बदाबदा पडलं पाहिजे, चटका बसला पाहिजे आणि फोड यायला नको. एवढं ज्याला जमतं त्यालाच ती न्हाऊ घालणं म्हणती.

आता एवढं कढत पाणी आमच्याकडं येतं ते गॅसच्या गिझरमधनं. हा गिझर आमच्या मालकांनी, म्हणजे मल्लप्पांनी, घराच्या मागच्या बोळात भिंतीवर टांगलाय, न्हाणीच्या भायेर. गॅसवर पेटणारी वस्तू कोंडलेल्या जागेत नको, तिला मोकळी हवा पाहिजे, म्हणून. तेवढं एक काम त्यांनी शहाण्यासारखं केलं. एक. पुढचं सांगतेच.

रेश्मा घरी येऊन चार दिवस झाले न्हाईत, तोवर गिझर गळायला लागला. सकाळी बोळात गेले तर खाली पाण्याचं थारोळं. वर बघितलं तर गिझरच्या बुडातनं टप, टप, टप. पाणी गळतंय ते एकवेळ पुसून काढता येतं, पण पाण्याबरोबर गॅस गळत असला तर? घरात ओली बाळंतीण, एवढंसं लेकरू. मी पहिल्यांदा सिलिंडर बंद केला. मग वाटीत साबणाचा फेस केला आणि गॅसच्या नळीला, जोडाला, रेग्युलेटरला सगळीकडं चोपडला. मग सिलिंडर चालू करून, श्वास धरून बघत बसले. एक बुडबुडा आला न्हाई. म्हणजे गॅस ठीक होता. गळत होतं ते पाणीच.

हे मी रेश्माला सांगितलं, कारण मला पोटात काय ठेवता येत न्हाई. रेश्मानं जावयाला सांगितलं, कारण तिलाही येत न्हाई, ती माझीच लेक. जावयानं आईला सांगितलं. आणि आमच्या बोळातलं ते थेंब थेंब पाणी अकलूजला पोचेपर्यंत तिथं पूर आला.

विहीणबाईंचा फोन. वच्छलाबाई त्यांचं नाव. माणूस वाईट न्हाई, पण बोलायला लागल्या की वाटतं, आपण शाळेत उशिरा पोचलोय.

"निंगव्वाताई, गॅस गळतोय म्हणं तुमच्यात?"

"गॅस न्हाई, पाणी गळतंय. साबण लावून बघितलंय मी."

"पाणी काय आणि गॅस काय, यंत्र बिघडलंय की न्हाई? माझी नात त्याच्याखाली नको. आमच्यात सोलर हाय, नळ सोडला की कढत पाणी. उगं तुमाला तरी कशाला ताप?"

"मला काय ताप न्हाई हो. दुरुस्त करून घेती."

"आणि बाळंतिणीला गरम पाण्याचा शेक चुकला की कंबर जन्मभर धरती. मला विचारा." हे बोलताना आवाज जरा खाली गेला त्यांचा, पण तेव्हा माझं लक्ष न्हवतं, मी रागात होते. "मी पुढच्या गुरुवारी गाडी घेऊन येते. बघते. ठीक असलं तर राहू दे पोरगी. गळत असलं तर त्याच गाडीत दोघींना घेऊन जाते."

फोन ठेवला. लग्नानंतर माझी लेक पहिल्यांदा एवढे दिवस घरात होती. रात्री तिच्या खोलीतनं बाळाची कुरकुर ऐकू आली की मला झोपेत पण बरं वाटायचं. गाडी घेऊन येते म्हणं! माझी लेक म्हणजे काय बाजारातनं उचलायचं गाठोडं हाय व्हय? मला एवढं रडू आलं की मी जाऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं. पिठाचा दगड झाला.

गिझर दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावलं. तो आला दुसऱ्या दिवशी. आणि आश्चर्य बघा, गिझर ठणठणीत कोरडा! त्यानं पाणी सोडलं, गिझर पेटवला, बंद केला, बोट फिरवलं. थेंब न्हाई. मी म्हणलं, काल गळत होता हो, शपथ. तो म्हणला, वायसर झिजलं असंल काकू. वरचं, खालचं, सगळी वायसरं बदलली. जाताना गिझरच्या बुडाला एक बारकी पांढरी गुंडी असती, ती मी विचारली, ही कशाला? तो म्हणला, "आत पाण्याचा दाब लई झाला, तर ही पाणी सोडून देती. कुकरची शिट्टी कशी, तशी." बरं म्हणलं.

तीन-चार दिवस कोरडं. मी अकलूजला फोन करून ऐटीत सांगितलं, झालं बरं का दुरुस्त. आणि पुढच्या सकाळी परत टप, टप, टप. मला तर वाटलं, गिझर माझं बोलणं ऐकतोय.

तो माणूस परत आला, परत दुसऱ्या दिवशी, आणि परत सगळं कोरडं. आता त्याला वाटायला लागलं, ह्या काकूंनाच काहीतरी झालंय. "आतली तांब्याची नळी फुटली असंल," म्हणला, "नवीनच घ्या."

"फुटली असती तर आता गळाली असती की! फुटलेली नळी काय सुट्टी घेती व्हय?"

त्याला चहा दिला आणि घालवला.

मालक म्हणले, "घेऊ की नवीन."

"नवीन घ्यायचा म्हणजे काय बिघडलं होतं ते कळायलाच नको! आणि नवीन पण गळाला म्हणजे? मग काय, लेक पण नवीन आणायची?"

मालक गप झाले. आता मागं वळून बघते तर वाटतं, जरा जास्तच गप झाले.

मग मी बसले आणि विचार केला. लेकरू रडतं तेव्हा आपण काय करतो? डॉक्टरकडं पळायच्या आधी बघतो, कधी रडतं, कुटं हात लावल्यावर रडतं. गिझरचं पण तसंच बघायचं. आधी कुटनं गळतंय ते बघू. पण पाण्याचं वाईट असं की ते वरनं सुटतं आणि खाली येऊन थेंब होतं, कुटनं सुटलं ते कळत न्हाई. सगळं अंग ओलं. काय तरी कोरडं लावायला पाहिजे, की थेंब लागला की लगेच डाग दिसंल. पीठ लावावं तर मुंग्या. रांगोळी लावावी तर ती भिंतीवर धरत न्हाई.

आणि समोर देव्हाऱ्यात विभूतीचा गड्डा!

मी गड्डा उचलला आणि चालले. मालक पूजेला बसणारच होते. "अगं, कुटं नेतीस ती?"

"गिझरला लावती."

"गिझरला? निंगव्वा, डोकं फिरलं काय तुझं? शिवा, शिवा!"

"शिवालाच सांगा की, तो पण बघू दे कुटनं गळतंय. संकटात त्याचंच नाव घेतो न्हवं आपण? मग हे काय येगळं हाय?"

गिझर फडक्यानं कोरडा केला आणि बोटं भरभरून विभूती लावली. पाणी आत येतं त्या नळीच्या जोडाला, भायेर जातं त्या जोडाला, गुंडीला, बुडाच्या कडेला, सगळीकडं पांढरे पट्टे. गिझर असा दिसायला लागला, की आताच मठातनं आलाय. रेश्मा बाळाला घेऊन दारात आली आणि एवढी हसली की टाके दुखले म्हणाली.

बुधवारी दिवसभर मी चारदा जाऊन बघितलं. विभूती जशीच्या तशी. ईरम्माचं न्हाऊ घालणं झालं, कढत पाणी चाललं, तरी एक पट्टा ओला न्हाई. मी म्हणलं चला, विभूतीनंच भागलं. रात्री सुखानं झोपले.

गुरुवारी पहाटेच गल्लीत आरडाओरड. "पाणी आलं! पाणी आलं!"

आता बाहेरगावच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत न्हाई. चार दिवसांनी येतं, पाचव्या दिवशी येतं, रुसलं तर आणखी पुढं जातं. आलं की मग दुसरं काय सुचत न्हाई. नळाचं पाणी खाली हौदात पडत राहतं, आणि हौदातनं मोटार लावून ते वर गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. टाकी मोठी, एकदा भरली की पुढच्या पाण्यापर्यंत पुरती, म्हणून आमची मोटार पाणी येतं त्याच दिवशी चालती. त्याच सकाळी धुणं, त्याच सकाळी पिंपं, घागरी, बादल्या, चहाचं पातेलं सुद्धा भरून ठेवायचं. घरभर पाणीच पाणी. त्या दिवशी बोळात ओलं असलं तर कुणी ते का ओलं म्हणून विचारत न्हाई.

मोटार घरघरत होती, मी चादरी पिळत होते, ईरम्मा न्हाणीत रेश्माची पाठ रगडत होती आणि दारात गाडीचा हॉर्न वाजला. विहीणबाई! दहा वाजता येते म्हणणारी बाई आठलाच हजर.

त्या आत आल्या, एक हात कमरेवर. बसल्या न्हाईत. पाणी दिलं, घेतलं न्हाई. "आधी यंत्र दाखवा." मी पुढं, त्या मागं. बोळात पोचलो. त्यांनी गिझरकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"ह्याची पूजा मांडलीय काय?"

मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आमच्या दोघींच्या मधी, बरोबर मधी, टप.

थेंब पडला. मग दुसरा. मग लागला की टपटपायला! मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. विहीणबाई ओरडल्या न्हाईत, ते जास्त लागलं. एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "ताई, मी राहायला म्हणून बॅग आणली होती, ती गाडीतच राहू दे. रेश्माची भरा."

रेश्मा न्हाणीतनं ओल्या केसांनी भायेर आली होती. तिनं ऐकलं. माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. काय बोलली न्हाई. बोलली असती तर मी सासू-सुनेचं भांडण म्हणून सोडून दिलं असतं. पण ती गप मान खाली घालून गेली, आणि माझं काळीज तुटलं.

मी तरी बॅगेला हात लावला न्हाई. गिझरसमोर उकिडवी बसले. हरायचं तर नीट बघून हरायचं. जोडाला बघितलं, विभूती कोरडी. दुसऱ्या जोडाला, कोरडी. बुडाची कड, कोरडी. नुसत्या त्या पांढऱ्या गुंडीची विभूती विरघळून गेली होती आणि तितनंच थेंब येत होता. म्हणजे वायसरं ठीक, नळी ठीक. कुकरची शिट्टी वाजत होती! आत दाब झाला होता. पण दाब आला कुटनं? टाकीचं पाणी तर रोज तेवढ्याच उंचीवरनं येतं.

आतनं बाळ रडायला लागलं. विहीणबाई तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होत्या. मोटारीची घरघर, बाळाचं रडणं, ईरम्माचं कन्नड. शेवटी त्या वैतागल्या. "अहो, ती मोटार बंद करा की कुणीतरी! लेकराला झोप न्हाई लागत." आणि कुणाची वाट न बघता त्यांनीच खटकन बटण दाबलं.

घर गप झालं. बाळ गप झालं.

आणि थेंब पण गप झाला.

मी बघतच राहिले. गुंडीला एक थेंब लोंबत होता, तो पडला, आणि मग काहीच न्हाई. मी वाट बघितली. काहीच न्हाई.

"विहीणबाई!" मी अशी ओरडले की बाळ परत दचकलं. "मोटार चालू करा!"

"आताच तर बंद केली—"

"करा हो चालू!"

चालू केली. मी गुंडीकडं बघत होते. टप. टप.

"बंद करा!"

बंद. थेंब बंद.

"चालू!"

आता विहीणबाईंना पण कळलं. बाळ खांद्यावर, एक हात बटणावर, मान लांब करून बोळात बघायला लागल्या. "सुरू झालं?" "झालं!" "आता?" "थांबलं!" ईरम्मा पण भायेर आली, ओले हात तसेच. आमी तिघी त्या मोटारीशी असा खेळ करत होतो, की शेजारी गच्चीवरनं वाकून बघायला लागले.

म्हणून तो दुरुस्तीवाला आला की कोरडं! तो यायचा दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी पाणी न्हाई, मोटार न्हाई. आणि पाण्याच्या दिवशी एवढी धांदल, की मोटारीकडं कुणाचं ध्यानच जायचं न्हाई. मोटार चालणारच, त्यात काय बघायचं? जलमभर ह्या गावात राहून हे कळलं न्हाई मला!

पण मोटारीचं पाणी वर टाकीत जातं. गिझरात कसं शिरलं? मी मोटारीपासनं पाइप हातानं चाचपत निघाले. हौदावरनं वर, भिंतीच्या कडेनं. आणि जिन्याखाली, जिथं जुनी पोती टाकलीत, तिथं पाइपाला एक फाटा. फाट्याला एक कॉक. कॉक उघडा. आणि तितनं एक पाइप सरळ गिझरकडं.

हा फाटा मला माहिती होता. मागं एकदा टाकीला तडा गेला होता तेव्हा मालकांनी तो काढला होता, की मोटार लावून सरळ अंघोळीला पाणी घेता यावं. टाकी नवी आणली आणि कॉक बंद केला. कायमचा, असं मला वाटत होतं.

"अवो," मी हाक मारली. "मालक. हिकडं या."

मालक आले. कॉककडं बघितलं, छताकडं बघितलं.

"हा कुणी उघडला?"

"गंजून आपोआप उघडला असंल."

"आपोआप? कॉकला काय हात फुटले व्हय?"

विहीणबाई, ईरम्मा, दारात रेश्मा. सगळ्या बायका त्यांच्याकडं बघायला लागल्या. मालकांनी घसा साफ केला. "ते काय हाय," म्हणले, "पोरगी घरी आली त्या दिवशी ईरम्मा बोलली, पाणी बारीक येतंय, बाळंतिणीच्या कमरेला जोर लागत न्हाई म्हणून. मग मी म्हणलं, पाण्याच्या दिवशी तरी चांगली धार यावी. म्हणून... जरासा उघडला. आणि धार आली की! ईरम्माला विचार. आता त्यानं गिझर गळंल हे मला काय माहिती?"

"मग गळायला लागल्यावर बोलला का न्हाई?"

"तुझ्यापुढं बोलायची सोय हाय व्हय?"

मी एवढी चिडले होते, एवढी चिडले होते, आणि मला हसूच फुटलं. काय करायचं ह्या माणसाचं! लेकीच्या कमरेला पाण्याचा जोर लागावा म्हणून चोरून कॉक उघडतो, आणि मग इतके दिवस तोंड शिवून बसतो. रेश्मा येऊन त्यांच्या दंडाला बिलगली. ते म्हणले, "ओलं हाय, ओलं हाय," आणि डोळे पुसले.

मी कॉक फिरवून घट्ट बंद केला. मग गुंडी फडक्यानं कोरडी केली आणि तिला ताजी विभूती लावली. खाली कोरडा पेपर अंथरला. "विहीणबाई, आता तुमी स्वतः लावा मोटार. आणि हितं येऊन बसा. उठायचं न्हाई."

त्यांनी मोटार लावली. खुर्ची आणून बसल्या, मांडीवर नात. मोटार घरघरली. वर टाकीत धो धो पाणी पडायला लागलं, इतकं की टाकी भरून गच्चीवरनं वाहायला लागली. शेजारच्या बायका "बंद करा की वो!" म्हणून ओरडल्या. मग कुटं मोटार बंद केली.

मी पेपर उचलला. झटकला. विहीणबाईंच्या डोळ्यांसमोर धरला. कोरडा खडखडीत! गुंडीवरची विभूती, आताच लावल्यासारखी.

"बघा," मी म्हणलं. "बघा आणि सांगा. भरू बॅग?"

खरं सांगते, त्या वेळेला मला गल्लीतनं वरात काढावी असं वाटत होतं. गिझरला मधी बसवून.

विहीणबाई नुसत्या पेपराकडं बघत होत्या. मला वाटलं, राग आला. मग त्या म्हणाल्या, "न्हाई, नका भरू." आणि उठायला गेल्या, तर कमरेत कळ आली असावी, "आई गं" म्हणून तशाच वाकून राहिल्या. मी बाळाला पटकन घेतलं.

ईरम्माचं लक्ष सगळ्यांच्या कमरेकडं असतं. ती म्हणाली, "ही कंबर बाळंतपणातनं धरलीय. तुमाला शेक न्हाई मिळाला."

विहीणबाई उगं हसल्या. "कोण देणार? माझी आई मी लहान असतानाच गेली. सासूबाई आजारी. तिसऱ्या दिवशी उठले आणि हौदाच्या गार पाण्यानं अंघोळ केली. म्हणून म्हणलं... रेश्माचं तरी माझ्या हातनं व्हावं. तुमच्यावर विश्वास न्हाई म्हणून न्हवं हो, ताई."

माझी सगळी मस्ती उतरली. इतके दिवस मी ह्या बाईला माझी लेक पळवणारी समजत होते. तिला माझ्या लेकीला ऊन पाणी घालायचं होतं, जे तिला कुणी घातलं न्हवतं. ह्या बाईशी मी फोनवर ऐटीत बोलले होते.

"पाट मांड ग," मी ईरम्माला म्हणलं.

"कुणाला?"

"विहीणबाईंना."

"छे, छे! आता ह्या वयात? काय तरीच!" विहीणबाई मागं सरकायला लागल्या. "लोक काय म्हणतील?"

"लोक मगापासनं गच्चीवरनं बघतच आहेत. त्यांना काय म्हणायचं ते म्हणून झालंय. चला."

रेश्मानं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "चला ना आई." त्या 'आई'वर त्या विरघळल्या.

ईरम्मानं तेल चोळलं, कंबर रगडली, विहीणबाईंना आधी हाय हाय करायला लावलं आणि मग गप केलं. पाणी घालायच्या वेळेला तिनं तांब्या उचलला, तो मी तिच्या हातनं घेतला. "हे मी घालती."

गिझर भायेर फुरफुरत होता. बादलीत वाफाळलेलं पाणी पडत होतं, बारीक का असेना. मी तांब्या भरला आणि त्यांच्या पाठीवर ओतला. त्यांचे खांदे एकदम खाली आले. दुसरा ओतला. त्या रडत होत्या की पाणीच होतं, मला कळलं न्हाई, आणि मी विचारलं पण न्हाई.

मधीच मालकांचा दारापलीकडनं आवाज, "धार बारीक येत असंल तर कॉक जरा उघडू का?"

"हात लावून बघा त्या कॉकला!" मी आणि विहीणबाई एकाच वेळी ओरडलो.

आणि मग आमी दोघी जे हसायला लागलो, जे हसायला लागलो! ईरम्मा "साकु, साकु" म्हणायला लागली, पुरे आता, पाणी गार व्हायलंय. विहीणबाई पुढं वाकून, गुडघ्यावर डोकं टेकून बसल्या होत्या. हसणं थांबल्यावर हळूच म्हणाल्या, "आणखी ओता, निंगव्वाताई."

दुपारी त्यांनी स्वतःची बॅग गाडीतनं काढून घेतली आणि गाडी रिकामी अकलूजला पाठवून दिली. रेश्मा आणि बाळ हितंच राहिल्या, बारशापर्यंत. विहीणबाई पण राहिल्या. रोज सकाळी ईरम्मा आली की आधी बाळ, मग बाळंतीण, मग त्या. पुढचं पाणी आलं तेव्हा त्यांनीच उठून मोटार लावली, आणि बोळात जाऊन गिझरखाली पेपर अंथरला.